न्हाईची विहीर

कपाशीची शेवटची वेचणी उरकली की आमच्याकडच्या शेतांचा रंगच जातो. हिरवं कधीच संपलेलं असतं, आता पांढरंही संपतं. उरतात त्या पऱ्हाट्या, काळपट, वाळलेल्या, बोंडांची रिकामी टरफलं अंगावर घेऊन उभ्या. मग त्या उपटायचे दिवस येतात. बांधावर ढीग पडतात आणि कुणीतरी काडी लावतं. जालन्याहून भोकरदनला जाताना त्या दिवसांत धूर जमिनीलगत पसरून असतो. थंडीमुळे वर चढत नाही, वाऱ्याअभावी पुढे सरकत नाही. एसटीच्या खिडकीची काच कितीही ओढली तरी तो आत येतो आणि शालीला बसतो. घरी येऊन शाल झटकली तरी दोन-चार दिवस वास राहतो.

यंदाही तो वास घेऊन जालन्यातल्या मस्तगडच्या माझ्या घरी परत आले. चहा ठेवला आणि गॅससमोर बराच वेळ उभी राहिले. या वासाबरोबर मला साबळे सर आठवतात. ते गेले त्या हिवाळ्यात मी भोकरदनच्या रस्त्यानं इतक्या वेळा गेले-आले की त्या ऋतूला मला दुसरा वासच उरलेला नाही.

मी जालन्यात मराठी शिकवते आणि बरीच वर्षं एक लहानसं षण्मासिक संपादित करते. आपल्या भागाची भाषा आणि इतिहास यांवरचे शोधलेख त्यात छापतो. काम सांगायला सोपं आहे. लेख आला की त्यावरचं लेखकाचं नाव काढायचं आणि तो दोन परीक्षकांकडे पाठवायचा. लेख कुणाचा हे परीक्षकांना कळू द्यायचं नाही, परीक्षक कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही. त्यांचे शेरे लेखकाला पोचवायचे, लेखकाची उत्तरं त्यांना पोचवायची. दोन्हीकडची नावं फक्त संपादकाला माहीत. बहुतेक वेळा यात जड असं काही नसतं. पदोन्नतीसाठी लेख हवा असतो, परीक्षकाला वेळ नसतो, ‘लेख चांगला आहे, प्रकाशित करावा’ एवढा एका ओळीचा अभिप्राय येतो, आणि लेख छापून कपाटात जातो. वाचतं कोण, हा प्रश्न आम्ही संपादक एकमेकांना विचारत नाही.

साबळे सर स्वतः लेख घेऊन आले होते. भोकरदन तालुक्यातल्या त्यांच्या गावाजवळच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, फुल बाह्यांचा स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी. घर जुन्या बागायतदारांचं. भाऊ शेती बघायचे आणि हे शाळा. लेख होता तालुक्यातल्या विहिरींच्या नावांवर.

“मॅडम, विहिरी बुजून राह्यल्यात,” ते म्हणाले. “बोअर आले, शेततळी आली. विहीर बुजली की तिचं नाव तिच्यासंगंच जातं. मी शाळा सुटल्यावर गावोगाव हिंडून जमा केलेत हे. कुणी छापील का, माहीत न्हाई.”

लेखात जांभळीची विहीर होती, सवतींची बारव होती, मुका आड होता. प्रत्येक नावामागची हकिकत चार-सहा ओळींत सांगितलेली. मास्तरकीची भाषा होती, थोडी पाल्हाळिक, पण माणूस त्या प्रत्येक काठावर जाऊन उभा राहिलाय हे कळत होतं.

पहिल्या परीक्षकाकडून नेहमीची एक ओळ आली. दुसऱ्या परीक्षकाकडून आली ती पानंच्या पानं. ते बोलीभाषांचे निवृत्त प्राध्यापक, दूरच्या शहरातले. त्यांचं नाव मी आजही लिहिणार नाही. त्यांनी एकेक नाव घेऊन विचारलं होतं. बारव आणि विहीर हे शब्द लेखक एकाच अर्थानं वापरतात, गावात तसाच वापर आहे का? जांभळीच्या विहिरीजवळ जांभूळ होती हे कुणी पाहिलेलं आहे का? आणि साबळे सरांच्याच गावातल्या एका विहिरीबद्दल लिहिलं होतं: ‘न्हाईची विहीर म्हणजे न्हाव्याची विहीर, असे लेखक म्हणतात. न्हावीचे रूप या बोलीत न्हाव्याची असे होते. न्हाईची कसे झाले? हे लेखकाने कुणाला विचारले? विचारले नसल्यास विचारावे.’

ते शेरे लेखकाला पाठवताना मी घुटमळले. आयुष्यात पहिल्यांदा शोधलेख लिहिणारा निवृत्त माणूस, त्याला हे लागेल असं वाटलं. शेरे मवाळ करून पाठवण्याची मुभा संपादकाला असते. मी एक-दोन शब्द बदलले, मग पुन्हा होते तसे केले आणि पाठवून दिले.

सर दुसऱ्याच दिवशी कॉलेजात हजर. शेऱ्यांची छापील पानं हातात. स्टाफरूममध्ये खुर्ची ओढून बसले आणि पानं टेबलावर ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिले. रागावलेत असं समजून मी समजावणीची वाक्यं मनात जुळवू लागले.

“मॅडम,” ते म्हणाले, “कुणीतरी वाचलं हो.”

त्यांनी पानांवर तळहात ठेवला.

“जन्मभर लिहिलं. शाळेच्या वार्षिकात, पेपरात. लोक म्हणायचे, छान सर, छान. ह्या माणसानं प्रत्येक ओळ बोटानं चाचपलीय. कोण हायेत हे?”

“सांगता येत नाही, सर. नियम आहे.”

“बराबर हाय,” ते म्हणाले. मग पानं उलटत न्हाईच्या विहिरीपाशी थांबले. “बाकीची उत्तरं देतो मी. हा प्रश्न मात्र अवघड विचारला ह्यांनी. ती विहीर आमचीच. न्हाव्याची विहीर हे आमच्या घरात सांगतात. वस्तीवरच्या बाया काय सांगतात ते मी कधी विचारलं न्हाई. विचारायला जावं लागंल.”

जायला त्यांना वेळ लागला. आधी पोटात दुखतंय म्हणाले, मग संभाजीनगरला तपासण्या झाल्या, आणि मग त्यांच्या पत्नी मंदाताईंचा फोन आला. आजार स्वादुपिंडाचा होता आणि पुढे गेलेला होता. फोनवर ताई शांतपणे म्हणाल्या, “ते म्हणून राह्यलेत, मॅडमला सांग, लेख परत घ्यायचा न्हाई म्हणून. थोडी मुदत द्या म्हणावं.”

इकडे त्या दुसऱ्या परीक्षकांची मेल आली की लेखकाला घाई दिसत नाही. आता यांना काय कळवावं? प्रकृतीबद्दल लिहिणं हेसुद्धा ओळख सांगण्यासारखंच, असं वाटून मी दोन दिवस थांबले. शेवटी लिहिलं की लेखक आजारी आहेत. उलट उत्तर आलं: ‘त्यांना सवडीने लिहू द्या.’ आणि खाली, राहवलं नसावं म्हणून, आणखी एक प्रश्न. मुक्या आडाला मुका कोण म्हणतं, बायका की गडी?

तो प्रश्न मी वाचून दाखवला तेव्हा सर अंथरुणात उठून बसले. “बायकाच की,” म्हणाले. “पोहरा टाकला की आवाज येत न्हाई म्हणून. गडी कुठं पाणी शेंदतात?” आणि मंदाताईंना म्हणाले, “बघ, माणूस हुशार हाय. मला सुचलंच नव्हतं हे लिहायचं.”

त्या हिवाळ्यात माझं काम असं होतं. शेरे न्यायचे, उत्तरं आणायची. सरांचं अंग उतरत चाललं होतं आणि लेख भरत चालला होता. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली दोन माणसं माझ्यामार्फत बोलत होती. एकाला वाटत होतं आपण कुण्या तरुण, होतकरू लेखकाला वळण लावतोय. दुसऱ्याला अंथरुणावर पडून वाट बघायला तेवढीच एक गोष्ट उरली होती.

आणि एका दुपारी सर म्हणाले, “आज चालतंय मला. चला.”

गावाबाहेरची वस्ती त्यांच्या घरापासून लांब नाही. मधे त्यांचीच शेतं. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्यांचे ढीग धुमसत होते. सर कानटोपी नाकापर्यंत ओढून, माझा हात धरून चालत होते. त्यांच्या हाताला वजन असं नव्हतंच. वस्तीच्या तोंडाशी एक म्हातारी उन्हात बसून सुपात तुरी पाखडत होती. वस्तीतली सगळ्यात वयस्क बाई तीच.

“वळखलं का, काकू?” सरांनी विचारलं.

“साबळ्याचा न्हवं तू. मास्तर.” ती त्यांच्याकडे बघत राहिली. “लई वाळलास रं.”

सर खाली बसले. मीही बसले. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, “आमच्या विहिरीला न्हाईची का म्हणतात?”

म्हातारीचं सूप थांबलं. “कशाला पाह्यजे आता?”

“लिहून ठेवायचंय.”

“तुमच्या घरात विचार की.”

“घरात न्हाव्याची म्हणतात.”

ती हसली नाही की रागावली नाही. सूप खाली ठेवलं. “आमाला काठावर येऊ देत नसत. सासू घागर घेऊन लांब उभी ऱ्हायची. तुज्या आज्याचा गडी मोट हाणायचा. त्यानं वतलं तर वतलं. एका उन्हाळ्यात सासूनं तोंड उघडून मागितलं. काठावरनं आवाज आला, न्हाई. दुसऱ्या दिशी गेली, न्हाई. मंग वस्तीतल्या बाया म्हनाया लागल्या, कुटं गेल्तीस? तर म्हने, न्हाईच्या इहिरीवर. तवापासून हाय ते नाव. पुढं तुमी बी तेच म्हनाया लागले. तुमाला ठावं नव्हतं आमी काय म्हनतोय.”

सरांनी कानटोपी काढून हातात घेतली. त्यांच्या डोक्यावरचे केस गेलेले मी तेव्हाच पाहिले. “नाव टाकू का, काकू, तुमचं? कुणी सांगितलं ते लिहावं लागतं.”

“नगं बाबा. नातू माजा तुमच्याच रानातून येतो-जातो.”

परतताना सर बांधावर टेकले. विहीर तिथून दिसत होती. कठडा ढासळलेला, आत बाभळी उगवलेल्या.

“मी त्याच विहिरीत पोहायला शिकलो, मॅडम,” ते म्हणाले. “सगळे भाऊ शिकलो. भर उन्हाळ्यात उड्या मारायचो. पाणी कमी हाय असं कधी ऐकलं न्हाई.”

त्यांनी तो परिच्छेद नव्यानं लिहिला. म्हातारीनं सांगितलेली हकिकत आली, पोहण्याचं वाक्यही आलं. परीक्षकांनी विचारलं, सांगणाऱ्या व्यक्तीचं नाव कुठे आहे? नावाशिवाय पुरावा अर्धा राहतो. सरांनी उत्तर लिहिलं, अक्षर वाकडंतिकडं झालेलं: ‘नाव दिले तर त्या घराचा रस्ता बंद होईल. तो बंद करणारे माझ्याच घरचे असतील.’  काही दिवसांनी परीक्षकांनी लिहिलं की नाव देऊ नये. ‘असे सांगितले जाते’ असं म्हणावं, आणि न्हाव्याची ही दुसरी शक्यताही नोंदवावी, म्हणजे लेख एकांगी वाटणार नाही. पोहण्याचं वाक्य व्यक्तिगत आहे, शोधलेखात अप्रस्तुत, ते वगळावं. संपादक म्हणून मला ते पटलं. शोधलेखाची शिस्त असते. वाक्य वगळलं गेलं आणि त्याला दुसरी कुठलीच जागा मिळाली नाही. म्हणून ते इथे लिहिते आहे.

लेख स्वीकारल्याचं सांगायला मी गेले तेव्हा सर डोळे मिटून पडले होते. ग्लानी होती, पण ऐकू येत होतं.

“परिच्छेद राह्यला का?” त्यांनी विचारलं.

“राहिला, सर.”

“मंग झालं.”

नंतर ते माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा शेतांतून अजून धूर निघत होता. मी अंत्यविधीला गेले. स्मशानातला धूर आणि रानातला धूर मला वेगळे ओळखता येईनात.

दहावा-तेरावा झाल्यावर त्यांचे थोरले भाऊ भगवानराव मस्तगडला माझ्या घरी आले. फेटा, पांढरा स्वच्छ सदरा, बोलणं अदबीचं. चहा घेतला. भावाच्या कागदांतली लेखाची प्रत त्यांनी वाचली होती.

“मॅडम, तेवढा परिच्छेद काढून टाका,” ते म्हणाले. “न्हाव्याचीच विहीर ती. आमच्या भावानंच पहिल्या लेखात तसं लिहिल्तं. विचारा तुम्ही स्वतःला, लिहिल्तं का न्हाई?”

“लिहिलं होतं,” मी म्हणाले.

“मंग? मागून आजारात माणसाचं चित्त ठिकाणावर राहत न्हाई. गेलेल्या माणसाचं नाव चांगलं राहावं एवढंच आपल्याला पाह्यजे. आपलेच दात, आपलेच ओठ.” जाताना चपला घालता घालता म्हणाले, “तुमच्या संस्थेतल्या लोकांशी आपली जुनी ओळख हाय. तुमचा विषय निघतो कधीमधी. चांगलंच बोलतात.”

दार लावून मी बसून राहिले. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. पहिल्या खर्ड्यात तसंच होतं. लेखकाचं खरं म्हणणं कुठलं? त्यानं आपण होऊन लिहिलेलं, की कुणीतरी विचारल्यावर लिहिलेलं? मी परीक्षकांना मेल केली की कुटुंबाची हरकत आहे. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘कुटुंबाचा प्रश्न येतोच कुठे? लेखकाला विचारा.’

मग लिहावंच लागलं. लेखक आता नाहीत.

उत्तर खूप दिवसांनी आलं. एकच ओळ होती: ‘मी त्यांना फार प्रश्न विचारले का?’

मी त्यांना फोन लावला. नियम असा की परीक्षकाशी लेखकाबद्दल बोलायचं नाही. मी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तुमचे शेरे आले की ते उशीला टेकून बसायचे, आणि मुक्या आडाचा तुमचा प्रश्न त्यांना फार आवडला होता.  मग ते म्हणाले, “मला ते तिशीतले वाटत होते. शेवटचा मजकूर आहे तसाच छापा. हवं तर मी लेखी देतो.”

लेखी त्यांनी दिलं. पण प्रूफं कुणीतरी लेखकाच्या बाजूनं तपासायची असतात. मी ती मंदाताईंकडे नेली. त्या ओट्यावर बसून ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. न्हाईच्या विहिरीशी आल्यावर बोट थांबलं.

“भाऊजी मला बी सांगून गेलेत,” त्या म्हणाल्या. “मला इथंच राहायचंय, ताई. ह्याच घरात, ह्याच माणसांत. तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं जाल.”

“तुम्ही म्हणाल तसं करते,” मी म्हणाले, आणि म्हणतानाच घाबरले. काढा म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं, हे मला अजूनही सांगता येत नाही.

त्या पुढे वाचत गेल्या. शेवटच्या पानावर एक वेलांटी चुकली होती, ती पेन मागून घेऊन दुरुस्त केली. कागद माझ्याकडे दिले. “बाकी बराबर हाय,” म्हणाल्या.

अंक निघाला. सरांच्या नावाला काळी चौकट आली. कुठे मोर्चा निघाला नाही, पेपरात बातमी आली नाही. माझ्या संस्थेत मला कुणी काही बोललं नाही, फक्त षण्मासिकाच्या खर्चाबद्दल पूर्वी कुणी विचारत नसे, ते विचारू लागले. जे व्हायचं ते मंदाताईंचं झालं. सामाईक बोअरचं पाणी त्यांच्या तुकड्याकडे येईनासं झालं. कधी मोटार बिघडलेली, कधी लाईट नाही, कधी आधी गव्हाला देऊ म्हणत. वर्षश्राद्धाला घरातलं कुणी आलं नाही. त्यांनी एकदाही मला याबद्दल बोल लावला नाही. मी गेले की त्या शेतातली मेथी बांधून देत. ती नसली की नुसताच चहा. कोणाला काय मिळालं याचा हिशेब मी करू जाते आणि मधेच सोडून देते. परीक्षकांनी विचारलं ते योग्य होतं. सरांनी शोधलं ते योग्य होतं. मी छापलं तेही योग्यच असावं. आणि त्याचा सगळा भार त्या ओट्यावर बसलेल्या एका बाईवर जाऊन पडला.

पुढच्या हिवाळ्यात, पुन्हा पऱ्हाट्यांच्याच दिवसांत, मी अंक घेऊन वस्तीवर गेले. सरांनी जिला काकू म्हटलं होतं ती म्हातारी जास्तच वाकलेली दिसली, पण तिनं मला ओळखलं. मास्तर गेल्याचं तिला माहीत होतं. “वाच,” म्हणाली.

मी परिच्छेद वाचला. आमच्या षण्मासिकाच्या भाषेत तो असा होता: ‘या नावाविषयी, विहिरीवर वस्तीतील स्त्रियांना पाणी नाकारले गेल्यामुळे ते रूढ झाले असे सांगितले जाते. न्हाव्याची विहीर अशीही एक व्युत्पत्ती प्रचलित आहे.’

ती आणखी काही येईल म्हणून थांबली. मग म्हणाली, “सरलं?”

“हो.”

“एवडंच?”

मी मान हलवली.

“सांगितलं जातं म्हंजे? कोन सांगतं?”

“तुम्हीच सांगितलंत, आजी. नाव नको म्हणाला होतात ना. म्हणून तसं लिहिलंय.”

तिनं विचार केला. नातू आता जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागला होता, बायको-पोरं तिकडंच. त्या रानातून येणारं-जाणारं तिचं कुणी राहिलं नव्हतं. “आता टाकता येतंय का नाव?” तिनं विचारलं.

छापलेल्या अंकात बदल करता येत नाही, पण येत्या अंकात एक टीप देता येते, असं मी तिला सांगितलं. टीप म्हणजे काय तेही सांगितलं. पर्समधून कागद काढला आणि विचारलं, “काय नाव लिहू?”

“धुरपता,” ती म्हणाली. मी लिहिलं.

“आन सासूचं बी लिव. तान्हाबाई. पानी तिनं मागितलं व्हतं.”

मी दोन्ही नावं लिहिली आणि तिला वाचून दाखवली. दुसरं नाव तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.